संगणकावरील डावपेचांचे खेळ: कोणता, कोणत्या क्रमाने आणि कसा खेळावा

डावपेचांच्या संगणकीय खेळांच्या याद्या मुबलक सापडतात आणि त्यांतील नावेही बहुधा तीच असतात: सिव्हिलायझेशन, एज ऑफ एम्पायर्स, टोटल वॉर, एक्सकॉम, युरोपा युनिव्हर्सालिस. हे खेळ उत्तम आहेत, यात वाद नाही. परंतु यादीत शेजारी-शेजारी दिसणारे हे खेळ खेळाडूकडून अगदी वेगवेगळ्या गोष्टींची अपेक्षा करतात. ज्याने आजवर केवळ क्रिकेटचे किंवा गोळीबाराचे खेळ खेळले आहेत, त्याने पहिल्याच दिवशी युरोपा युनिव्हर्सालिस उघडला, तर नकाशावरील असंख्य प्रांत आणि एकावर एक उघडणाऱ्या खिडक्या पाहून तो तासाभरात खेळ बंद करील आणि हा प्रकारच आपल्यासाठी नाही असे ठरवून मोकळा होईल. म्हणून येथे खेळांची शिफारस एका विशिष्ट क्रमाने केली आहे. आधी सर्व काही डोळ्यांसमोर असलेल्या लहान पटावर विचार करण्याची सवय लावावी, मग अनिश्चितता स्वीकारावी, त्यानंतर दूरचे नियोजन शिकावे, मग तेच निर्णय घड्याळाच्या धाकात घ्यावेत आणि सर्वांत शेवटी मोठ्या ऐतिहासिक खेळांकडे वळावे, असा हा क्रम आहे.

आधी वेळ आणि यंत्र यांचा हिशेब

खेळ निवडताना पहिला प्रश्न आवडीचा नसून वेळेचा असतो. रोज अर्धा-पाऊण तास मिळणाऱ्या नोकरदाराला आणि सुट्टीत दिवसभर मोकळ्या असलेल्या विद्यार्थ्याला एकच खेळ मानवणार नाही. इन्टू द ब्रीच या खेळातील एक लढाई पंधरा-वीस मिनिटांत संपते, तर एज ऑफ एम्पायर्सचा एक डाव साधारणपणे पाऊण तासात निकाली निघतो. सिव्हिलायझेशन ६ चा नेहमीच्या वेगाचा पूर्ण डाव ५०० खेळ्यांपर्यंत चालू शकतो आणि तो अनेक बैठकींत विभागून खेळावा लागतो. युरोपा युनिव्हर्सालिस ४ मधील एक मोहीम तर १४४४ पासून १८२१ पर्यंत चालते आणि ती महिनोन् महिने पुरते.

यंत्राच्या बाबतीत हा खेळप्रकार तुलनेने उदार आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही इन्टू द ब्रीच, बॅटल फॉर वेसनॉथ, पॉलिटोपिया किंवा जुना सिव्हिलायझेशन ५ व्यवस्थित चालतात. टोटल वॉर मालिकेतील नवे खेळ मात्र यंत्राचा घाम काढतात, आणि टोटल वॉर: वॉरहॅमर ३ तर डिस्कवर १०० जीबीहून अधिक जागा व्यापतो. आळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या खेळांत उत्तरार्धात शत्रूच्या खेळीची वाट पाहावी लागते. तो विलंब ग्राफिक्स कार्डामुळे नव्हे, तर बहुधा प्रोसेसरमुळे होतो, हे नवे यंत्र घेणाऱ्याने लक्षात ठेवावे. आणि एक साधी गोष्ट: माउस घ्यावा. लॅपटॉपच्या टचपॅडवर सिव्हिलायझेशन खेळता येईल, पण एज ऑफ एम्पायर्स खेळता येणार नाही.

पहिली पायरी: लहान पट, सगळी माहिती समोर

सुरुवात सबसेट गेम्सच्या २०१८ च्या इन्टू द ब्रीचपासून करावी, अशी माझी ठाम शिफारस आहे. पट बुद्धिबळासारखाच आठ बाय आठ चौकोनांचा आहे. खेळाडूकडे तीन यंत्रमानव असतात आणि जमिनीतून वर येणाऱ्या प्रचंड कीटकांपासून त्याला शहरातील इमारती वाचवायच्या असतात. या खेळाचे वेगळेपण असे की शत्रू आपली खेळी आधीच जाहीर करतो. कोणता कीटक कोणत्या चौकोनावर हल्ला करणार आणि कोणत्या क्रमाने करणार, हे दिसत असते. त्यानंतर खेळाडूची पाळी येते आणि मगच ते हल्ले प्रत्यक्षात घडतात. नशिबाला दोष देण्याची जागा येथे फारच थोडी उरते, त्यामुळे आपला विचार कोठे तोकडा पडला हे स्वच्छ दिसते.

प्रत्येक खेळी पुढील पद्धतीने खेळावी. एकही यंत्रमानव हलवण्यापूर्वी शत्रूचे सर्व नियोजित हल्ले वाचावेत आणि त्यांतील इमारतींवर रोखलेले हल्ले वेगळे काढावेत. मग प्रत्येक हल्ल्याबाबत असा प्रश्न विचारावा की हा कीटक मारण्याऐवजी नुसता ढकलला तर काय होईल? हल्ल्याची दिशा कीटकाबरोबर सरकते, त्यामुळे एका चौकोनाने बाजूला ढकललेला कीटक कित्येकदा आपल्याच सोबत्यावर प्रहार करतो. जमिनीवर चालणारा कीटक पाण्यात ढकलला तर तो बुडून मरतो. नवा कीटक जेथून वर येणार ती जागाही दिसत असते, आणि तेथे आपला यंत्रमानव उभा केला तर एका अंकाचे नुकसान सोसून त्याचे आगमन रोखता येते. काहीच जमत नसेल तर यंत्रमानवाला इमारतीसमोर ढाल म्हणून उभे करावे, कारण यंत्रमानवाचे नुकसान लढाई संपल्यावर भरून निघते, पण इमारतीवर प्रहार होऊन शहराची वीज गेली की ती आपोआप परत येत नाही आणि तिचा आकडा शून्यावर आला की संपूर्ण डाव हरला जातो. प्रत्येक लढाईत एकदा संपूर्ण खेळी मागे घेता येते. ही सवलत लढाईच्या पहिल्याच खेळीत उधळू नये.

या खेळात चार बेटे आहेत, परंतु दोन बेटे मुक्त केल्यावर अंतिम लढाईस जाता येते. नवख्या खेळाडूने दोन बेटांचा लहान डाव पूर्ण करण्याचे ध्येय ठेवावे आणि पहिल्या संघाचे तिन्ही यंत्रमानव नीट समजल्याशिवाय दुसरा संघ घेऊ नये.

पैसे खर्च करायचे नसतील तर बॅटल फॉर वेसनॉथ हा २००३ पासून विकसित होत असलेला, पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत खेळ घ्यावा. त्याचा पट षटकोनी घरांचा आहे आणि त्यात दिवस-रात्रीचा सुंदर नियम आहे: माणसांसारख्या काही तुकड्यांचा प्रहार दिवसा २५ टक्क्यांनी वाढतो आणि रात्री तेवढाच घटतो, तर ऑर्क नावाच्या राक्षसांचे आणि मृतात्म्यांचे याच्या नेमके उलट असते. त्यामुळे संध्याकाळ झाली की गावांच्या आणि टेकड्यांच्या आधाराने मागे सरायचे आणि उजाडताच पुढे यायचे, हा ताल शिकावा लागतो. ताब्यात घेतलेले गाव दर खेळीला सोने देते आणि जखमी तुकडीला बरेही करते, म्हणून पहिल्या चार-पाच खेळ्या शत्रूला शोधण्यात नव्हे, तर गावे घेण्यात घालवाव्यात.

दुसरी पायरी: नेम चुकणार हे धरून चालणे

इन्टू द ब्रीचमध्ये प्रहार चुकत नाही. एक्सकॉममध्ये चुकतो, आणि तोही नेमका नको त्या क्षणी. परग्रहवासीयांच्या आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांचा हा मूळ खेळ १९९४ चा. फिरॅक्सिस या कंपनीने २०१२ मध्ये त्याचा एक्सकॉम: एनिमी अननोन हा नवा अवतार आणला आणि २०१६ मध्ये एक्सकॉम २ आला. सुरुवातीला २०१२ चाच खेळ घ्यावा, कारण एक्सकॉम २ मधील बऱ्याच मोहिमांना खेळ्यांची मर्यादा असते आणि नवखा खेळाडू त्या घाईत आडोसा सोडून पळू लागतो.

येथे आडोसा हेच सर्वस्व आहे. अर्धा आडोसा शत्रूच्या नेमातून २० टक्के वजा करतो आणि पूर्ण आडोसा ४० टक्के; परंतु शत्रू बाजूने आला तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. परग्रहवासी टोळ्यांनी फिरतात आणि आपला सैनिक नजरेच्या टप्प्यात येताच ती टोळी सावध होते. म्हणून नवा प्रदेश उघडायचा असेल तर तो खेळीतील पहिल्या सैनिकाने उघडावा, म्हणजे समोर कोणी आले तरी बाकीच्यांच्या हालचाली शिल्लक असतात. शेवटच्या सैनिकाला अंधारात धावत पाठवणे हे या खेळातील हरण्याचे सर्वांत प्रचलित कारण आहे. पडद्यावर ९० टक्के दिसले तरी दहातला एक नेम चुकणार, हे गृहीत धरून आधी असा विचार करावा की हा नेम चुकला तर माझा कोणता सैनिक उघडा पडतो? हातबॉम्ब चुकत नाही आणि आडोसाही उडवतो. त्यामुळे खात्री हवी असेल तेथे बंदूक नव्हे, हातबॉम्ब वापरावा.

लढाईबाहेरचा भागही दुर्लक्षिण्यासारखा नाही. सैनिकांच्या एक्सकॉम या संघटनेला १६ देशांचा पाठिंबा असतो, त्यांत भारतही आहे. त्यांतील आठ देश घाबरून बाहेर पडले की डाव संपतो. भीती आटोक्यात ठेवण्याचे मुख्य साधन उपग्रह. तो तयार व्हायला २० दिवस लागतात, म्हणून महिनाअखेरीस धावपळ करण्याऐवजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच त्याची मागणी नोंदवावी.

तिसरी पायरी: शंभर खेळ्यांपुढचे पाहणे

खेळनिर्माते सिड मायर यांचा पहिला सिव्हिलायझेशन १९९१ मध्ये आला. आज या मालिकेतील कोणता भाग घ्यावा, यावर खेळाडूंत मतभेद आहेत. माझे मत असे की प्रथम शिकण्यासाठी २०१६ चा सहावा भाग घ्यावा. तो सवलतीच्या काळात स्वस्त मिळतो आणि त्यावरील मार्गदर्शनाचे साहित्य विपुल आहे. २०२५ च्या सातव्या भागात इतिहासाचे तीन कालखंड केले आहेत आणि तो आला तेव्हा कालखंड बदलताना खेळाडूला आपली संस्कृतीच बदलावी लागे. ही कल्पना धाडसी आहे, पण एकाच संस्कृतीला अश्मयुगापासून अंतराळापर्यंत नेण्याचे जे समाधान या मालिकेने दिले, ते तिच्यात विरळ झाले आहे.

पहिला डाव लहान नकाशावर, मोजक्या प्रतिस्पर्ध्यांसह आणि प्रिन्स या पातळीवर खेळावा. आठ पातळ्यांपैकी ही चौथी असून तिच्यावर संगणकाला आणि खेळाडूला साधारण समान वागणूक मिळते. त्यावरच्या पातळ्यांवर संगणक अधिक हुशार होत नाही, त्याला केवळ उत्पादनाच्या आणि सैन्याच्या सवलती मिळतात. हे ठाऊक असले म्हणजे वरच्या पातळीवरील सुरुवातीच्या पिछाडीने मन खचत नाही.

पहिले शहर गोड्या पाण्याला लागून वसवावे. नदीकाठच्या किंवा सरोवराकाठच्या शहराला सुरुवातीलाच पाच लोकसंख्येची वस्तीक्षमता मिळते, समुद्रकाठच्या शहराला तीन आणि पाण्यापासून दूर असलेल्याला फक्त दोन. एवढ्या एका निर्णयाने शहराची पहिल्या अर्धशतकी खेळ्यांतली वाढ ठरते, म्हणून जागा चांगली नसेल तर एक-दोन खेळ्या वाया घालवून सरकावे, पण पाच-सहा खेळ्या भटकत बसू नये. पहिले उत्पादन टेहळ्याचे असावे, त्यानंतर एखादी लढाऊ तुकडी आणि लगेच नव्या वसाहतीसाठी लोक. रानटी टोळीचा टेहळ्या आपल्या शहराजवळ दिसला तर त्याला परत जाऊ देऊ नये. तो तळावर पोहोचून बातमी देतो आणि काही खेळ्यांतच टोळी चालून येते.

नवखे खेळाडू बहुधा एक किंवा दोन शहरे सजवत बसतात आणि तेथेच मागे पडतात. या भागात शहराचे विभाग, म्हणजे विद्यापीठाचा, व्यापाराचा, कारखान्यांचा वगैरे, नकाशावरील वेगवेगळ्या षटकोनी घरांवर बांधावे लागतात आणि त्यांची संख्या लोकसंख्येने बांधलेली असते: पहिला विभाग सुरुवातीलाच, दुसरा लोकसंख्या चार झाल्यावर, तिसरा सात झाल्यावर. एका मोठ्या शहरापेक्षा पाच मध्यम शहरांत अधिक विभाग बसतात, हे त्यामुळे उघडच आहे. शंभराव्या खेळीपर्यंत किमान पाच शहरे असावीत. विद्येचा विभाग डोंगरांना खेटून बांधावा, कारण शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे विज्ञानाचा एक अंक जास्त मिळतो. म्हणून शहर वसवतानाच तो कोठे येणार हे मनाशी पक्के करावे. प्रत्येक संशोधनाला एक लहानसे आव्हानही जोडलेले असते, उदाहरणार्थ समुद्रकिनारी शहर वसवले की नौकानयनाचे संशोधन झटपट पुढे सरकते. संशोधनाची निवड या आव्हानांकडे पाहून केली तर खूप खेळ्या वाचतात.

सुमारे पन्नासाव्या ते साठाव्या खेळीला हात थांबवून एक निर्णय घ्यावा: जिंकायचे कसे? विज्ञानाने, संस्कृतीने, धर्माने की सैन्याने? सर्वांत थोडेथोडे करणारा खेळाडू सुखाने राज्य करतो आणि शेवटी दुसराच कोणी अंतराळात जातो. पहिल्या डावासाठी विज्ञानाचा मार्ग निवडावा, कारण त्याचे टप्पे सर्वांत स्पष्ट आहेत.

भारतीय नेत्यांपैकी गांधी मूळ खेळात आहेत आणि चंद्रगुप्त मौर्य २०१८ च्या विस्तारात, म्हणजे वेगळ्या विकत मिळणाऱ्या पुरवणीत, आले. पहिल्या भागातील एका आकडेवारीच्या गडबडीमुळे गांधी अण्वस्त्रे टाकू लागत, ही कथा इतकी पसरली आहे की अनेक जण ती सत्य मानतात. स्वतः मायर यांनी ती नाकारली आहे.

पाचशे खेळ्यांचे ओझे वाटत असेल तर पॉलिटोपियाने सुरुवात करावी. त्याच्या परफेक्शन प्रकारात अवघ्या ३० खेळ्या असतात आणि शोध, विस्तार, संशोधन व युद्ध हा संपूर्ण साचा तासाभरात अनुभवता येतो. युनसिव्ह हा मोफत खेळ दिसायला साधा असला तरी सिव्हिलायझेशन ५ चे नियम बऱ्याच निष्ठेने पाळतो.

चौथी पायरी: घड्याळाच्या धाकात

येथवर विचाराला हवा तेवढा वेळ होता. आता तो जातो. एज ऑफ एम्पायर्स २ मूळचा १९९९ चा, आणि सायबर कॅफेच्या काळात वाढलेल्या पिढीला तो वेगळा सांगावा लागत नाही. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनने त्याला नवे आयुष्य दिले. २०२२ च्या डायनॅस्टीज ऑफ इंडिया या विस्तारात पूर्वीची एकच भारतीय संस्कृती मोडून हिंदुस्तानी असे तिचे नाव झाले आणि बंगाली, द्रविड व गुर्जर अशा तीन संस्कृती नव्याने आल्या. जुन्या पिढीतील कितीतरी जण परत येतात आणि पहिल्याच ऑनलाइन डावात वीस मिनिटांत हरतात, कारण लहानपणी त्यांनी खेळलेला खेळ भिंती बांधून शांतपणे शेती करण्याचा होता.

या खेळाचा पाया गणित आहे आणि ते कागदावर मांडता येते. एक गावकरी बनवायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. सुरुवातीला तीन गावकरी, एक घोडेस्वार टेहळ्या आणि २०० अन्न असते. म्हणजे हातातल्या अन्नात चार गावकरी होतात आणि १०० सेकंदांत ते संपते; तोपर्यंत मेंढ्यांचे अन्न येऊ लागले नाही तर गावकरी बनवणारे नगरकेंद्र रिकामे बसते. त्यातच नगरकेंद्रात केवळ पाच जणांची सोय असते आणि चार जण आधीच असतात, म्हणून पहिल्या सेकंदाला दोन गावकऱ्यांनी दोन घरे बांधायला घ्यावीत, तिसऱ्याने मेंढी कापावी आणि नगरकेंद्रात गावकऱ्यांची रांग लावावी. टेहळ्याला आपल्याच परिसरात गोल फिरवून उरलेल्या मेंढ्या, दोन रानडुकरे, बोरांची झुडपे आणि सोन्याच्या खाणी शोधाव्यात.

त्यानंतरचा क्रम साधारण असा ठेवावा. पहिले सहा जण मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, त्यानंतरच्या एकाने रानडुकराला बाण मारून नगरकेंद्राकडे ओढत आणावे आणि सर्वांनी मिळून ते तेथे मारावे, पुढचे चौघे बोरांवर, आणि बाकीचे अन्न व लाकूड यांत गरजेनुसार वाटावेत. रानडुकरात ३४० अन्न असते, पण ते ओढणारा गावकरी जखमी असेल तर तो मरतो, म्हणून दुसऱ्या डुकरासाठी ताजा गावकरी पाठवावा. अठरा गावकरी बनवायला ४५० सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटे लागतात आणि लोकसंख्या २२ होते. त्या सुमारास ५०० अन्न भरून सामंतयुगाकडे, म्हणजे खेळातील पुढच्या युगाकडे, जाण्याची आज्ञा द्यावी. पहिल्या प्रयत्नात यास अकरा-बारा मिनिटे लागतील. ती जादा मिनिटे कोठे गेली याचे उत्तर जवळजवळ नेहमी एकच असते: नगरकेंद्र रिकामे बसले होते किंवा घर बांधायचे राहिले होते.

म्हणून सरावाचा पहिला टप्पा लढाईचा नसावा. सोप्या संगणकाविरुद्ध डाव सुरू करावा, सामंतयुगाची आज्ञा देईपर्यंत खेळावे, वेळ पाहावी आणि डाव पुन्हा सुरू करावा. नगरकेंद्र निवडण्याची एच ही कळ बोटांत बसेपर्यंत हेच करावे. खेळातील आर्ट ऑफ वॉर हे सरावाचे धडे याच कौशल्यांसाठी बनवले आहेत आणि ते कांस्य, रौप्य व सुवर्ण अशी पदके देतात. कांस्य मिळाले की पुढे जावे, सुवर्णाचा हट्ट धरू नये.

लढाईत आधी कोणत्या तुकडीवर कोणती तुकडी भारी पडते हे शिकावे. भालाईत घोडदळाला भारी पडतात, तिरंदाज भालाइतांना, हलके भालाफेके तिरंदाजांना आणि घोडदळ भालाफेक्यांना. शत्रूच्या गावात टेहळ्या पाठवून त्याने तबेला बांधला आहे की तिरंदाजीचे मैदान, एवढे पाहिले तरी आपण काय बनवावे याचे उत्तर मिळते. सामंतयुगानंतरच्या दुर्गयुगाला ८०० अन्न आणि २०० सोने लागते. तेथे पोहोचताच बहुतेकांनी आणखी दोन नगरकेंद्रे उभारावीत, कारण गावकरी बनवण्याचा वेग तिप्पट होणे हे कोणत्याही शस्त्रापेक्षा मोलाचे असते.

मोफत पर्यायांत ० ए. डी. हा मुक्तस्रोत खेळ आहे. त्यात मौर्य साम्राज्य हत्तींसह खेळता येते. स्टारक्राफ्ट २ ची पहिली मोहीम आणि ऑनलाइन स्पर्धा २०१७ पासून मोफत आहेत, पण त्याचा वेग एज ऑफ एम्पायर्सहून बराच अधिक आहे.

पाचवी पायरी: टोटल वॉर आणि मराठ्यांची बाजू

टोटल वॉर मालिकेत राज्यकारभार आळीपाळीने चालतो आणि लढाई मात्र प्रत्यक्ष वेळेत, हजारो सैनिकांसह होते. शिकण्यासाठी २०११ चा शोगुन २ घ्यावा. नकाशा केवळ जपानचा असतो, सर्व घराण्यांच्या तुकड्या जवळजवळ सारख्या असतात, त्यामुळे विजय डावपेचांमुळे मिळाला की चांगल्या तुकडीमुळे, असा संभ्रम राहत नाही.

मराठी खेळाडूला मात्र २००९ चा एम्पायर: टोटल वॉर खुणावणारच, कारण त्यात १७०० पासूनच्या मोहिमेत मराठा सत्ता निवडता येते आणि युरोप व अमेरिका यांच्याबरोबर भारताचा स्वतंत्र रणपट आहे. या खेळाच्या उणिवाही प्रसिद्ध आहेत: किल्ल्यांवरील लढायांत सैन्य गोंधळते आणि संगणकाचे शहाणपण बेताचे असते. गनिमी कावाही त्यात अपेक्षेइतका उतरलेला नाही, कारण लढाई सुरू होताना दोन्ही सैन्ये समोरासमोर मांडली जातात. परंतु एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. या खेळात प्रांताची संपत्ती केवळ राजधानीत नसून बाहेर विखुरलेल्या शेतांत, कारखान्यांत आणि बंदरांत असते. शत्रूच्या किल्ल्याला न भिडता हलक्या घोडदळाची तुकडी त्याच्या मुलखात फिरवली आणि ही ठिकाणे एकामागून एक निकामी केली, तर त्याचा खजिना आटतो. त्यानंतरच वेढा घालावा.

लढाईत घड्याळ थांबवून आज्ञा देता येतात. त्याचा संकोच बाळगू नये. पायदळ मध्ये, तोफा उंचवट्यावर आणि घोडदळ शत्रू गुंतेपर्यंत नजरेआड, एवढी मांडणी पहिल्या वीस लढायांना पुरते. उभ्या भाल्यांवर समोरून घोडे घालू नयेत. पाठीमागून घातलेला एक छापा शत्रूचे धैर्य मोडतो, आणि या मालिकेत सैन्य मरण्याआधी पळते.

सहावी पायरी: इतिहासाचा पसारा

पॅराडॉक्स या कंपनीच्या खेळांत जिंकण्याची ठरलेली व्याख्याच नसते. खेळाडूने स्वतःचे ध्येय ठरवायचे असते. यांतील पहिला खेळ म्हणून २०२० चा क्रुसेडर किंग्ज ३ निवडावा. त्याचे प्राथमिक धडे आयर्लंडमधील एका लहान राज्यावर बेतलेले आहेत आणि कोणत्याही अपरिचित शब्दावर माउस ठेवला की खुलासा उघडतो. येथे राज्यापेक्षा घराणे महत्त्वाचे असते: राजा मेला की मुलांत वाटणी होते आणि वीस वर्षे जमवलेले राज्य एका दिवसात तुटते. म्हणून वारसाची सोय तरुणपणीच पाहावी.

युरोपा युनिव्हर्सालिस ४ त्यानंतर घ्यावा. पहिला देश म्हणून पोर्तुगाल किंवा ऑटोमन साम्राज्य सोयीचे आहे. १४४४ च्या नकाशावर दख्खनेत बहमनी आणि विजयनगर ही दोन मोठी राज्ये आहेत, आणि मराठी संस्कृतीच्या राज्याला पुढे मराठा साम्राज्य स्थापन करता येते. हा मार्ग आकर्षक असला तरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मोहिमेसाठी राखावा. नवख्यांना बुडवणारी गोष्ट येथे एकच असते: सलग युद्धांत एकामागून एक प्रांत गिळणे. शेजाऱ्यांचा रोष साठत जातो आणि ते एकत्र येऊन चालून येतात. एका युद्धात दोन-तीन प्रांत घ्यावेत, रोष उतरू द्यावा आणि दरम्यान दुसऱ्या दिशेला पाहावे.

खरेदी आणि सराव

स्टीम या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानात भारतात रुपयांत किमती असतात आणि यूपीआयने पैसे देता येतात. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असेल, तर पैसे परत मागता येतात. म्हणून नवा खेळ घेतल्यावर पहिल्या दोन तासांत तो आपल्या यंत्रावर चालतो की नाही हे नक्की पाहावे. सिव्हिलायझेशनसारख्या जुन्या खेळांवर वर्षातून अनेकदा मोठी सूट असते, त्यामुळे पूर्ण किंमत देण्याची घाई करू नये. पॅराडॉक्सच्या खेळांचे विस्तार तर एकत्र घेतल्यास मूळ खेळाच्या कितीतरी पट महाग पडतात. मूळ खेळ पन्नास तास खेळल्याशिवाय एकही विस्तार घेऊ नये. क्रुसेडर किंग्ज २ चा मूळ भाग २०१९ पासून मोफत आहे. हा प्रकार आपल्याला रुचतो का, हे तपासायला तो पुरेसा आहे.

सराव करताना एका वेळी एकच खेळ हाती असावा. हरलेला डाव लगेच जुन्या सेव्हवरून दुरुस्त करण्याऐवजी आधी तो कोणत्या निर्णयावर फिरला हे शोधावे. एज ऑफ एम्पायर्समध्ये डावाची ध्वनिचित्रफीत नव्हे, तर पूर्ण नोंद जतन होते आणि ती प्रतिस्पर्ध्याच्या नजरेतूनही पाहता येते. स्वतःच्या हरलेल्या डावाची पहिली दहा मिनिटे अशी पाहिली तर इतरांचे दोन तास पाहण्यापेक्षा अधिक समजते. संगणकाला मधल्या पातळीवर सातत्याने हरवता येऊ लागले की माणसांबरोबर खेळावे. सुरुवात एखाद्या मित्राला जोडीला घेऊन दोघांनी मिळून संगणकाविरुद्ध खेळण्याने करावी. सिव्हिलायझेशन ६ मध्ये तर एकाच संगणकासमोर आळीपाळीने बसूनही दोघांना खेळता येते आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. अनोळखी खेळाडूंशी क्रमवारीचे सामने त्यानंतर खेळावेत. सुरुवातीचे बरेचसे सामने हरल्यावर व्यवस्था आपोआप तोडीचे प्रतिस्पर्धी शोधून देऊ लागते, म्हणून त्या आधीच्या पराभवांवरून खेळ सोडण्याचा निर्णय घेऊ नये.